वीणा घेऊन निघालेला प्रवासी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कधी असा पाहुणा आला आहे का, की ज्याला तुमची भाषा मुळीच येत नाही? अशा वेळी आपण काय करतो? हातवारे करतो, हसतो, एखादा सोपा शब्द शोधतो. कसेही करून आपल्या मनातले त्याला समजावे, अशी आपली धडपड असते. आता कल्पना करा, की तुम्हांला त्या पाहुण्याला शब्द नव्हे, तर एखादा राग समजावून द्यायचा आहे. आणि तो पाहुणाही एकटा नाही. नाट्यगृहात बसलेली शेकडो माणसे आहेत आणि त्यांनी असे गाणे जन्मात ऐकलेले नाही.

असा प्रसंग एका भारतीय गवयावर आला होता. एकदा नव्हे, वर्षानुवर्षे आला होता. त्यांचे नाव इनायत खाँ. याच नावाचे एक मोठे सतारवादकही होऊन गेले, पण ते वेगळे. हे इनायत खाँ वीणा वाजवत आणि गात. भारताचे संगीत घेऊन ते अमेरिकेत गेले, इंग्लंडमध्ये गेले, फ्रान्स आणि रशियातही गेले. तेथे त्यांना काय मिळाले आणि त्यासाठी त्यांना काय सोडावे लागले, याची ही हकिकत आहे.

इनायत खाँ यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात झाला. त्या वेळी बडोदे हे गायकवाडांचे संस्थान होते. राजघराणे मराठी होते. बाजारात गुजराती बोलली जाई. इनायत यांच्या घरात उर्दू होती. शिवाय गाण्यातल्या चिजा बऱ्याचदा ब्रज भाषेतल्या असत. तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत दोन-तीन भाषा शिकता, तसेच हेही झाले. लहान इनायतच्या कानांवर रोज अनेक भाषा पडत. आपल्याहून वेगळे बोलणारा माणूस परका असतो, असे त्यांना कधी वाटलेच नाही.

त्यांचे घर म्हणजे गाण्याचे घर होते. वडील रहमत खाँ पंजाबातून आलेले. ते धृपद गात. आईचे नाव खतीजा बी. आईचे वडील मौला बख्श हे त्या काळचे नामांकित गवई होते. ते दक्षिणेत राहून कर्नाटक संगीत शिकले होते. उत्तरेचे आणि दक्षिणेचे, अशी दोन्ही संगीते जाणणारी माणसे त्या काळी फार थोडी होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौला बख्श यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. तोपर्यंत गाणे उस्तादाच्या घरी राहून शिकावे लागे. घराण्याची विद्या सहसा बाहेर जात नसे. मौला बख्श यांनी स्वर कागदावर लिहिण्याची पद्धत तयार केली आणि वर्गात बसवून मुलांना गाणे शिकवले. ज्याला शिकायचे आहे त्याला विद्या मिळाली पाहिजे, हा धडा इनायत यांना आजोबांकडून मिळाला.

इनायत नऊ वर्षांचे असतील. दरबारात त्यांनी गणपतीचे एक संस्कृत स्तोत्र गायले. महाराज प्रसन्न झाले. त्यांनी मुलाला कंठा दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. मुसलमान घरातला मुलगा, मराठी राजाचा दरबार आणि संस्कृत स्तोत्र! बडोद्यात कोणालाही याचे नवल वाटले नाही.

याच घरात पाश्चात्त्य संगीतही आले होते. इनायत यांचे मामा अलाउद्दीन पठाण हे ते संगीत शिकण्यासाठी लंडनला गेले होते. परत आल्यावर ते भाच्याला तिकडच्या गोष्टी सांगत. सातासमुद्रांपलीकडेही गाणे आहे आणि ते आपल्या गाण्यापेक्षा अगदी वेगळे आहे, हे इनायत यांना लहानपणीच कळले.

१८९६ मध्ये मौला बख्श वारले. पुढे इनायत त्याच गायनशाळेत शिकवू लागले. पण त्यांचे पाय एका जागी ठरत नव्हते. ते मद्रास, म्हैसूर असा प्रवास करत हैदराबादला पोहोचले. तेथे निजाम महबूब अली खाँ यांच्या दरबारात त्यांचे गाणे झाले आणि मोठा सन्मान झाला. हैदराबादेतच त्यांना त्यांचे मुर्शिद भेटले. सय्यद अबू हाशिम मदनी हे चिश्ती परंपरेतले सूफी होते. सुमारे चार वर्षे इनायत त्यांच्या सहवासात राहिले. शिष्याने आपले संगीत घेऊन पश्चिमेकडे जावे आणि पूर्व-पश्चिमेची मने जुळवावीत, अशी मुर्शिदांची इच्छा होती. इनायत खाँ यांनी ही इच्छा आज्ञा मानली.

मुर्शिदांच्या निधनानंतर ते पुन्हा हिंडू लागले. श्रीलंका झाली, रंगून झाले, कलकत्ता झाले. दरबारांतून मिळालेली पदके ते जवळ बाळगत. कलकत्त्यात एके दिवशी ही सगळी पदके हरवली. आधी त्यांना फार वाईट वाटले. मग त्यांच्या लक्षात आले, की पदके गेली तरी गाणे गेलेले नाही. उलट मनावरचे एक ओझे उतरले आहे. याच शहरात १९०९ मध्ये त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी काही गाणी गायली आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिची गरज पडणार आहे.

१३ सप्टेंबर १९१० रोजी इनायत खाँ मुंबई बंदरातून जहाजावर चढले. त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते. बरोबर धाकटे भाऊ महबूब खाँ आणि नात्यातले भाऊ महम्मद अली खाँ होते. सर्वांत धाकटे मुशर्रफ खाँ त्यांना नंतर येऊन मिळाले. सामानात वाद्ये होती. खिशात फारसे पैसे नव्हते. पुढे कोणी ओळखीचेही नव्हते.

जहाज न्यूयॉर्कच्या बंदरात शिरले. तेथे स्वातंत्र्यदेवीचा प्रचंड पुतळा हात उंच करून उभा आहे. इनायत खाँ त्याच्याकडे पाहत राहिले. हे स्वातंत्र्य आज बाहेरचे आहे, उद्या ते माणसाच्या अंतःकरणातही यावे, असा विचार त्यांच्या मनात आला. मग त्यांनी शहर पाहिले. त्या काळी पन्नास मजल्यांची इमारत जगात फक्त न्यूयॉर्कमध्ये होती. जमिनीखालून आगगाड्या धावत होत्या. रस्त्यांवर माणसांचे लोंढे वाहत होते. जो तो घाईत होता. इनायत खाँ यांना या शहराची शक्ती आवडली, पण त्यांना एक प्रश्नही पडला. ज्यांना थांबायला सवड नाही, ते आलाप कसा ऐकणार?

हा प्रश्न साधा नव्हता. आपल्या संगीतात एक गायक एकच स्वरओळ घेऊन चालतो. तो सावकाश रागाचे रूप उलगडत जातो. मागे तंबोऱ्याचा एकच सूर घुमत असतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र एकाच वेळी अनेक स्वर एकत्र वाजतात आणि त्यांच्या मेळातून रंग भरतो. त्या संगीताची सवय असलेल्या कानाला आपला आलाप सुनासुना वाटतो. गवई अजून सूरच लावत आहे, गाणे सुरू व्हायचे आहे, असेही काहींना वाटे. शिवाय वीणेचा आवाज नाजूक असतो. ती दिवाणखान्यात शोभते. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत तिचा झंकार पोहोचतच नाही.

इनायत खाँ यांनी यावर एक उपाय केला. ते आधी बोलत आणि मग गात. राग म्हणजे काय, तो विशिष्ट वेळी का गातात, हे ते सोप्या इंग्रजीत सांगत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अशा तऱ्हेने व्याख्यान देऊन गायन-वादन केले. तेथील विचारी श्रोत्यांना ते आवडले.

पण विद्यापीठांच्या व्याख्यानांवर तीन-चार माणसांचे पोट भरत नव्हते. १९११ मध्ये रूथ सेंट डेनिस नावाच्या प्रसिद्ध अमेरिकन नर्तकीने त्यांना आपल्या कार्यक्रमात घेतले. ती भारतीय म्हणून जे नृत्य करी, ते तिच्या कल्पनेतले होते. इनायत खाँ आणि त्यांचे भाऊ भरजरी पोशाख घालून रंगमंचावर बसत आणि वाजवत. तिच्या संगतीने त्यांनी अमेरिकेतली अनेक शहरे पाहिली. जाहिराती झळकल्या, टाळ्या मिळाल्या, पैसेही मिळाले. पण इनायत खाँ यांच्या मनाला ते लागून राहिले. लोक ऐकायला येत नव्हते, पाहायला येत होते. ज्या गाण्यासाठी आजोबांनी आयुष्य वेचले, ते येथे पडद्यासारखे आणि झुंबरासारखे सजावटीचे सामान झाले होते.

मित्रांनो, तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? परत घरी गेला असता? बडोद्यात त्यांना मान होता. तेथे समजावून सांगावे लागले नसते. इनायत खाँ परतले नाहीत. लोकांना समजत नाही हा लोकांचा दोष नाही, असे त्यांनी मानले. ज्याला काही द्यायचे आहे, त्यानेच देण्याची रीत शोधली पाहिजे, हे त्यांनी ठरवले. हा दौरा संपल्यावर ते पुन्हा आपली व्याख्याने देऊ लागले. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठातही त्यांचे व्याख्यान झाले. अमेरिकेतच ओरा रे बेकर या तरुणीशी त्यांची ओळख झाली. पुढे १९१३ मध्ये लंडनला दोघांचा विवाह झाला आणि ती अमीना बेगम झाली.

१९१२ मध्ये ते युरोपात आले. याच वर्षी इकडे अलाहाबादला त्यांचे एक पुस्तक छापून निघाले. हे पुस्तक उर्दूत आहे. त्याचे नाव 'मिन्कारे मूसीकार'. मिन्कार म्हणजे चोच, हे तुम्हांला सांगायला नकोच. मूसीकार हा दंतकथेतला पक्षी. त्याच्या चोचीला अनेक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रातून निराळा सूर निघतो, असे म्हणतात. भारतीय संगीताची माहिती देणारे हे पुस्तक त्यांनी परदेशी जाण्यापूर्वीच लिहिले होते. ते स्वतः परक्या भाषेत बोलत असताना त्यांचे पुस्तक मायदेशी मातृभाषेत बोलत होते!

पॅरिसमध्ये त्यांना एक मोठा श्रोता भेटला. त्यांचे नाव क्लोद देबुसी. हे फ्रान्सचे थोर संगीतकार. १८८९ मध्ये पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. आयफेल मनोरा त्याच प्रदर्शनासाठी उभारला गेला. तेथे देबुसी यांनी जावा बेटावरचे संगीत ऐकले होते आणि तेव्हापासून पूर्वेकडच्या सुरांचे त्यांना आकर्षण होते. त्यांनी इनायत खाँ यांच्याकडून राग ऐकले. येथे फार समजावण्याची गरज पडली नाही. खरा जाणकार भेटला, की भाषा आड येत नाही.

१९१३ च्या शरद ऋतूत ही मंडळी मॉस्कोला गेली. तेथे पहिला अनुभव कडूच आला. ज्या ठिकाणी त्यांना बोलावले होते, तेथे लोक रात्री खाण्यापिण्यासाठी आणि करमणुकीसाठी जमत. पेल्यांच्या खणखणाटात वीणा कोण ऐकणार? पण मॉस्कोने लवकरच आपले दुसरे रूप दाखवले. महान लेखक टॉलस्टॉय यांचे पुत्र सर्गेई टॉलस्टॉय हे संगीताचे जाणकार होते. त्यांनी इनायत खाँ यांना मनापासून मदत केली. स्क्रियाबिन या नामवंत रशियन संगीतकाराशी त्यांची भेट झाली. मॉस्कोच्या संगीत विद्यालयात त्यांचे गायन-वादन झाले.

बडोद्यात वाढलेल्या या माणसांनी तेथे रशियाचा हिवाळा पाहिला. नदी गोठून दगडासारखी होते, घरांची छपरे पांढरी होतात आणि श्वास सोडला तर तोंडापुढे धुके जमते. पण इनायत खाँ यांना या थंड देशातली माणसे फार उबदार वाटली. घरी आलेल्याला आग्रहाने खाऊ घालण्याची त्यांची रीत पाहून त्यांना आपल्या देशाची आठवण होई. याच शहरात १ जानेवारी १९१४ रोजी त्यांना मुलगी झाली. तिचे नाव नूरुन्निसा ठेवले. जग तिला नूर इनायत खाँ या नावाने ओळखते.

जून १९१४ मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संगीत परिषद भरली. इनायत खाँ तेथे गेले. निरनिराळ्या देशांचे संगीतज्ञ एकत्र बसून एकमेकांचे ऐकत होते. आजोबांचे आणि मुर्शिदांचे स्वप्न खरे होणार असे वाटत होते. पण दोनच महिन्यांत पहिले महायुद्ध पेटले. जे देश एकमेकांचे सूर ऐकत होते, ते एकमेकांवर तोफा डागू लागले. इनायत खाँ कुटुंबासह लंडनला गेले. युद्धाची वर्षे त्यांनी तेथेच काढली. मैफिली कमी झाल्या. पैशांची ओढाताण झाली. विलायत, हिदायत आणि खैरुन्निसा ही मुले लंडनमध्येच जन्मली.

या काळात लोक त्यांच्याकडे वेगळ्याच कारणासाठी येऊ लागले. कोणाचा मुलगा युद्धात गेला होता, कोणाचा भाऊ. त्यांना गाण्यापेक्षा मनाची शांती हवी होती. इनायत खाँ सूफी विचार सांगत. सर्व माणसे एकाच ईश्वराची लेकरे आहेत, निरनिराळे धर्म हे एकाच घराकडे जाणारे रस्ते आहेत, हे ते समजावत. ऐकणाऱ्यांची संख्या वाढत गेली. युद्ध संपल्यावर युरोपातल्या अनेक देशांतून आणि अमेरिकेतून त्यांना व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली.

आणि मग एक वेळ अशी आली, की त्यांनी वीणा खाली ठेवली. मैफिलीत गाणेही सोडले.

ही गोष्ट वाचताना आपण थोडे थांबले पाहिजे. ज्या हाताने लहानपणापासून वीणा धरली, त्या हाताला ती सोडताना काय वाटले असेल? त्यांनी आपले दुःख लपवले नाही. जे सर्वांत प्रिय होते, तेच आपल्याला द्यावे लागले, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले आहे. वीणेच्या तारा जुळवण्याऐवजी आता माणसांची मने जुळवायची, असे त्यांनी ठरवले होते. त्यांची व्याख्याने वाचली, तर पानोपानी सूर, ताल, मेळ हेच शब्द भेटतात. वीणा हातातून गेली होती, बोलण्यातून गेली नव्हती.

१९२२ मध्ये पॅरिसजवळच्या सुरेन या गावात त्यांना घर मिळाले. हॉलंडमधल्या एका शिष्येने ते भेट दिले होते. त्यांनी घराचे नाव ठेवले 'फजल मंजिल'. दर उन्हाळ्यात देशोदेशीची माणसे तेथे जमत. त्या घरात भाऊ गात आणि वाजवत. मुलेही त्याच वातावरणात वाढली. पुढे नूर हार्प हे वाद्य शिकली, विलायत चेलो शिकले आणि हिदायत संगीतकार झाले. वडिलांच्या हातून सुटलेले सूर मुलांच्या हाती आले.

सततच्या प्रवासाने इनायत खाँ यांची प्रकृती ढासळली होती. १९२६ च्या अखेरीस, सोळा वर्षांनी, ते मायदेशी परतले. अजमेरला ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याला गेले. पण त्यांना विश्रांती मिळाली नाही. ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. दिल्लीला कधी गेलात, तर हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या जवळच तुम्हांला त्यांचा दर्गा दिसेल. तेथे आजही देशी-परदेशी माणसे शेजारी शेजारी बसून कव्वाली ऐकतात.

त्यांच्या मुलीची हकिकतही तुम्हांला ठाऊक असायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने फ्रान्स जिंकला. तेव्हा नूर ब्रिटनच्या गुप्त दलात दाखल झाली. जून १९४३ मध्ये ती फ्रान्समध्ये उतरली आणि पॅरिसमधून बिनतारी यंत्राने संदेश पाठवू लागली. सोबती पकडले गेले, तरी तिने काम सोडले नाही. शेवटी ती पकडली गेली. तिने शत्रूला आपल्या कामाची माहिती दिली नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार मारण्यात आले. तिचे वडील मुंबईहून निघाले होते, तीही तारीख १३ सप्टेंबरच होती. मधे बरोबर चौतीस वर्षे गेली होती. १९४९ मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले.

आता कलकत्त्याच्या त्या तबकड्या आठवा. इनायत खाँ यांनी गाणे सोडले, पण १९०९ मध्ये गायलेले गाणे तबकड्यांवर राहून गेले होते. १९९४ मध्ये ही जुनी गाणी पुन्हा एकत्र करून प्रसिद्ध झाली. त्यामुळे सत्तावीस वर्षांच्या त्या तरुणाचा आवाज आजही ऐकता येतो. तबकडी जुनी आहे, खरखर होते. आवाज मात्र स्वच्छ आणि ताजा आहे. त्याला अजून न्यूयॉर्कची घाई माहीत नाही, मॉस्कोचे बर्फ माहीत नाही, युद्ध माहीत नाही.

मिळाले तर ते गाणे जरूर ऐका. कदाचित पहिल्यांदा ते तुम्हांलाही परके वाटेल. मग न्यूयॉर्कच्या त्या श्रोत्यांची आठवण काढा आणि पुन्हा एकदा ऐका. परकी भाषा शिकायला जसा थोडा धीर लागतो, तसा परका सूर ऐकायलाही लागतो. इनायत खाँ यांनी समुद्र ओलांडून तो धीर धरला. आपल्याला तर नुसते शांत बसून ऐकायचे आहे.